घागरीमागे शिकलेलं पोहणं

मला पोहायला कुणी शिकवलं असं विचारलं, की मी सांगते, दुधाने. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी थट्टा करतेय. पण तसंच आहे ते. दूध नसतं तर मी आयुष्यभर नदीत फक्त धुणं धुतलं असतं.

आमचं गाव इंद्रायणीच्या या अंगाला आणि मळवलीचं स्टेशन त्या अंगाला. उन्हाळ्यात नदी काय, दगडावरून दगडावर पाय टाकत जावं, टाचसुद्धा भिजायची नाही. पण आषाढात ते दगड जे पाण्याखाली जायचे ते दसऱ्याच्या सुमारास तोंड दाखवायचे. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा, आणि सकाळची गाडी काही आमच्या वळशासाठी थांबणार नव्हती. तिकडे लोणावळ्यात बंगले, रेल्वेवाल्यांची घरं, खाणावळी; सगळ्यांना उजाडता दूध हवं. आणि नदीला पूर आलाय हे म्हशींना कोण सांगणार? त्या आपल्या वेळ झाली की पान्हा सोडायच्या.

मग दूध पार व्हायचं ते सांगडीवरून. वाळलेले मोठाले भोपळे दोरीने एकमेकांना जखडायचे, त्यांवर बांबूची चौकट, चौकटीत दुधाच्या घागरी आणि घागरींच्या तोंडाला घट्ट फडकं. अशी सांगड पाण्यात सोडायची आणि मागून माणसाने पोहत पोहत ढकलत न्यायची. आमच्या घरी हे काम आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती कायमची. माझी आई मी रांगत होते तेव्हाच गेली, त्यामुळे मला वाढवलं आत्यानेच, आणि पाण्यात घातलं तेही तिनेच. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांना पोहता यायचं, पण गुडघ्याचं दुखणं होतं. गार पाणी लागलं की पाय आखडायचा.

आत्याची शिकवणी एवढीच, की दूध हलता कामा नये.

"हात वर काढू नगंस," ती म्हणायची. "हात आपटलं की सांगड हिंदकळती. दूध हिंदकळलं की लोणी धरतंय, आन् लोणी धरलं की लोणावळ्याची गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करत्यात. पाय चालव. पाण्याच्या पोटात चालव."

म्हणून मी पोहायला शिकले ती पायांनी. हात चौकटीवर, हनुवटी पाण्यावर आणि सगळा जोर कमरेखाली. वरून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी नुसती वाहत चाललीय.

दुसरी गोष्ट, वर धरायचं. नदी ओढून नेते ना, त्यामुळे समोरच्या घाटावर लागायचं असेल तर घाटाकडे तोंड करून चालत नाही. घाटाच्या बरंच वर, जाताना आमच्या उजव्या हाताला, एक जांभळीचं झाड होतं. नजर त्या झाडावर ठेवायची आणि पोहत राहायचं. नदी खाली ओढणार, आपण वर धरणार, आणि दोघींचं भांडण मिटेस्तोवर बरोबर घाट येणार. हे इतकं अंगात भिनलं होतं की मी कधी त्याचा विचार केला नाही. चालताना कुणी पायांचा विचार करतं का?

आता एक सांगते. मी परकऱ्या वयापासून पुरात उतरत होते, पण गावात कुणी कधी नाव ठेवलं नाही. उलट म्हणायचे, पोर लय कष्टाची. का? तर ते काम होतं. तीच मी, तेच पाणी, आणि पुढे घागर नसती, तर हेच लोक म्हणाले असते, पोर वाया गेली. हे मला तेव्हा कळत नव्हतं. पुढे कळलं, आणि चांगलंच कळलं.

घाटावर लागलं की कोरडं लुगडं नेसायचं, घागरी डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचं आणि आत्याबरोबर लोणावळ्याला दूध घालायचं. गिऱ्हाइकांत एक मास्तरीणबाई होत्या. मूळच्या पुण्याच्या, मुलींच्या शाळेत शिकवायच्या, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. एकदा भांडं पुढे करता करता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, तू रोज सकाळी डोक्यावरून न्हातेस का?"

"न्हाई. नदीतनं येते."

"नदीतून म्हणजे? तुमच्याकडे होडी नाही?"

"होडी कशाला?" आत्या म्हणाली. "ही हाय की."

त्या रविवारी बाई पुलावरून वळसा घालून आमच्या काठाला बघायला आल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने बाभळीची फांदी धरलेली. बाईंना पाण्याची भीती. घोट्याच्या वर पाणी आलं की त्यांचा श्वास लागायचा. मी सांगड पार करून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक, आणि डोळे मात्र लहान मुलाला जत्रा दिसावी तसे. त्यांनी आत्याला सांगितलं, लोणावळ्याला धरणाच्या तलावात मुलींच्या पोहण्याच्या शर्यती भरणार आहेत, हिला पाठवा.

"पलीकडं काय न्यायचं असतं?" आत्याने विचारलं.

"काही नाही, मावशी. नुसतं पोहत जायचं."

"मंग पलीकडं काय काम असतं?"

"काही काम नसतं. कोण आधी पोहोचतं ते बघतात."

"बघत्यात कोण?"

"लोक."

"त्यास्नी काम न्हाई?"

बाई हसत सुटल्या. आत्या हसली नाही. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. आबांनी मात्र हो म्हटलं. त्यांचा हिशेब सरळ होता. जायचं, झेंड्याला हात लावायचा, धारेच्या वेळेला घरी. त्यात काय बिघडतंय?

शर्यतीच्या दिवशी तलावाकाठी ही गर्दी. मुंबईहून हवा खायला आलेले, बाजारातले दुकानदार आणि आमच्या गावचेही दहाबारा जण. पलीकडच्या काठावर लाल झेंडा रोवलेला. तिथे पोहोचायचं. मी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि शिट्टी झाल्याबरोबर पाण्यात शिरले.

काय सांगू त्या पाण्याचं. कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही, पुढे घागर नाही. अर्ध्यावर आल्यावर मी डावीउजवीकडे पाहिलं, तर कुणीच नाही. सगळ्या मागे. मला इतका आनंद झाला की मी आणखी जोर लावला. काठ आला, हात टेकले आणि वर पाहिलं, तर समोर एक म्हैस बसलेली. रवंथ करत होती. झेंडा नाही, माणसं नाहीत, म्हैस.

झेंडा होता डावीकडे, चांगलाच लांब.

मी वर धरलं होतं. झेंडा दिसताच माझे डोळे आपोआप त्याच्या उजवीकडे सरकले, एका खडकावर जाऊन बसले आणि मी त्या खडकावर नेम धरून पोहले. नदी असती तर तिने मला अलगद झेंड्याशी नेऊन सोडलं असतं. पण तलावाचं पाणी बसलेलं. त्याने मला जिथे नेम धरला तिथेच पोहोचवलं. ओल्या लुगड्यात धडपडत मी काठाने झेंड्यापर्यंत पळाले तोवर शेवटची मुलगीसुद्धा केस पुसत होती.

लोक किती हसले म्हणता. गावात बातमी आमच्या आधी पोहोचली. दुसऱ्या दिवसापासून आबांना बाजारात, पारावर, जो भेटेल तो विचारायचा, "काय आबा, पोरगी म्हशीला भेटाया गेलती म्हनं? वळखीची व्हती का?" आबा मानी माणूस. दोनचार दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी वैरण टाकता टाकता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बास झालं. नदीचं काम हाय ते कर. ह्यो तमाशा आता नगं."

आबांना उलट बोलायची रीत नव्हती. पण त्या अर्ध्या तलावाची चव लागली होती, जिथे माझ्या पुढे कुणी नव्हतं. मला पुन्हा शर्यतीत उतरायचं होतं. दुसरं काही नको होतं हो. चांगलं लुगडं नको, डोरलं नको. एकदा सरळ पोहून दाखवायचं होतं.

माझी बाजू घेतली ती आत्याने. चुलीपुढे बसून ती आबांना म्हणाली, "पोरीचं चुकलं न्हाई. पाणीच बसून व्हतं, तिला काय ठावं?"

"लोक हसत्यात, आक्का."

"हसू देत. दात हायेत तवर हसत्याल."

तेवढ्याने आबा बधले नाहीत. पण नकोही म्हणाले नाहीत, आणि आत्याला तेवढं पुरे होतं. दिवाळीनंतर नदी पुरती उतरली. आमच्या गावाखाली एक लांबट डोह आहे. थंडीत त्यातलं पाणी बसतं, तलावासारखंच. आत्या मला तिथे घेऊन गेली. या काठच्या झाडापासून त्या काठच्या झाडापर्यंत तिने सोल बांधला, म्हणजे मोटेचा जाडजूड दोर, आणि म्हणाली, "ह्याच्या कडंनं जा. दोर सोडून गेलीस तर रातीची भाकर न्हाई."

पहिल्या दिवशी दहा हात गेले की दोर लांब. माझं मन सरळ जायचं, पण अंग उजवीकडे. आत्या काठावरून ओरडायची, "अगं, कुटं निगालीस? म्हस बसलीया का तितं?" ती चिडवत होती, पण तिचा आवाज ऐकून मी अंग वळवायचे. हळूहळू अंग विसरलं. शिकायला जेवढे दिवस लागले होते, त्याच्यापेक्षा विसरायला जास्त लागले असतील.

मास्तरीणबाई दर रविवारी येत. त्यांनी एका इंग्रजी मासिकातली चित्रं पाहून ठेवली होती. हात कसे टाकायचे, तोंड कधी वळवायचं. पण पाण्यात उतरणार कोण? मग त्या आमच्या अंगणात बाकावर पालथ्या पडून हात फिरवून दाखवत. पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या टोकावर, हात चालू आणि तोंडाने, "एक हात पुढे, एक मागे, आता श्वास." शेजारची म्हातारी कुंपणावरून बघत उभी राहिली आणि आत्याला हळूच म्हणाली, "बाईंच्या अंगात येतं व्हय गं? कुटलं देवस्थान?"

आणि खरं सांगते, बाईंच्या त्या कोरड्या पोहण्यातून मी हात टाकायला शिकले. पाय होतेच, वर हात मिळाले. ज्या पाण्याला त्या बोट लावत नव्हत्या त्याच्याबद्दल त्यांना इतकी हौस कशी, हे मी एकदा त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला नाही जमलं म्हणूनच तर."

एक दिवस डोहावर गेले तर सोल ताणून नीट बांधलेला. आधी मध्ये झोळ पडायचा, आता अगदी सुतात. गाठ आत्याची नव्हती. आत्या साधी गाठ मारायची, ही बैलाच्या जुवाची गाठ होती, आबांची.

फाल्गुनात बाईंनी पुण्याच्या शर्यतींचं काढलं. मला वाटलं, आता आबा नाही म्हणणार. पण आबा म्हणाले, "पुण्याला जाऊ द्या. लोणावळ्यात न्हाई. पुण्यात आपल्याला वळखतंय कोण? तितं म्हस गाठली तरी कुणाची पोर ते कळायचं न्हाई."

बाईंनी माझ्यासाठी जाड कापडाचा तोकडा चोळणा, म्हणजे चड्डी, आणि बिनबाह्यांचं झंपर शिवलं. आत्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्ये तर माझ्या भावाच्या बंडीवानी दिसतंय," ती म्हणाली, पण शिवण दोन ठिकाणी कच्ची निघाली ती तिनेच पक्की केली.

पुण्याचा तलाव म्हणजे बांधलेला हौद. चारी बाजूंनी भिंती, पाणी हिरवं. समोरच्या भिंतीवर प्रत्येकीसाठी वेगळ्या रंगाचं फडकं बांधलेलं, माझं पिवळं. तिथे हात लावायचा, उलट फिरायचं आणि परत यायचं. माझ्या शेजारच्या मुलींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. एकीने विचारलं, "तू कुठल्या क्लबाची?" मी म्हटलं, "दुधाच्या." ती मनात नाव जुळवत राहिली.

आबा वर पायऱ्यांवर बसले होते, आत्या त्यांच्या शेजारी, बाई त्याहून वर, पाण्यापासून जितक्या लांब तितक्या बऱ्या.

शिट्टी झाली. मी पिवळं फडकं सोडलं नाही. डोळ्यांत तेवढंच ठेवलं. पण जपून पोहत होते ना, त्यामुळे भिंतीशी पोहोचले तेव्हा दोघी माझ्या आधी फिरल्या होत्या. मी हात लावला, वळले आणि तिथे मला नदी आठवली. मळवलीहून परत येताना घागरी रिकाम्या असायच्या. दूध गेलेलं, काम झालेलं, सांगड हलकी फूल. मी आणि आत्या परतीच्या वेळेस चढाओढ लावायचो, भोपळे उडवत, ओरडत. अख्ख्या दिवसात तेवढीच आमची मजा. मी ती परतीची वाट पोहले. पाय आपोआप सुटले. एक मागे पडली, दुसरी बरोबरीने आली, आणि मग माझ्या हाताला दगड लागला.

मी डोकं वर काढलं तेव्हा दुसरी अजून हातभर मागे होती.

आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते नुसते बसून राहिले. शेजारच्या गृहस्थाने त्यांना विचारलं, "कुणाची हो मुलगी?" हे मला आत्याने नंतर सांगितलं, आणि पुढे आयुष्यभर सांगितलं. आबांनी आधी घसा खाकरला, मग म्हणाले, "आमचीच. लोणावळ्यात दूध घालतो आमी."

गावात परतलो तरी म्हशीची थट्टा काही थांबली नाही. गाव ते गावच. पण त्यानंतर एक बदल झाला. उन्हाळ्यात सकाळी मी डोहावर जायचे आणि दारात कुणी विचारलं, पोर कुठाय, तर आबा सांगायचे, "कामाला गेलीया." डोहात मी फक्त पोहत होते, घागर ना भोपळा. ते त्यांना माहीत होतं आणि विचारणाऱ्यालाही.

पुढची सातआठ वर्षं मी पोहले. पुण्याला चारदा पहिली आले, मुंबईला दोनदा, एकदा सगळ्या इलाख्यातली पहिली. ढाली मिळाल्या, पेले मिळाले. एका पेल्यात आत्या तंबाखू ठेवायची. समुद्राच्या पाण्यातली शर्यत मी हरले, तोंडात खारं पाणी गेलं आणि मला वाटलं कुणी मीठ घालून दूध नासवलंय. युद्धाच्या दिवसांत गाड्या वेळेवर धावेनात, शर्यती बंद पडल्या, आणि तोवर माझा संसारही लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीत सुरू झाला होता. नवरा इंजिनावर होता. त्याला पोहायला मी शिकवलं. पण हे सगळं घडलं ते एका दुपारमुळे, ती सांगायची राहिली.

पुण्याच्या पहिल्या शर्यतीनंतरचं वर्ष. मुंबईच्या शर्यतीला बाईंनी माझं नाव दिलं होतं, आणि नेमकं त्याच सुमाराला पवन मावळातून माझ्यासाठी स्थळ आलं. चांगलं घर, भाताची खाचरं, बैलजोडी. गावातल्या सगळ्यांना वाटलं, झालं, जमलं. पाहुणे आले, ओसरीवर घोंगड्या टाकल्या. मी आत चुलीपाशी गुळाचा चहा करत होते. मधे फक्त कुडाची भिंत, त्यामुळे बोलणं सगळं ऐकू येत होतं. बैलांचं झालं, पावसाचं झालं. मग मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पोहती, असं कानावं आलं."

"पोहती," आबा म्हणाले.

"पाण्याची भीती न्हाई ह्ये बरंच हाय. आमच्याकडं बी नदी हाय. पन ते शर्यती, मुंबई, लोकांसमूर उघडं हिंडणं, ते बंद करावं लागंल. लगीन म्हंजी लगीन."

मी चहाकडे बघत होते. तो उतू चालला होता आणि मला तो खाली उतरवायचं सुचत नव्हतं. मला वाटलं, आता आबा हसतील, म्हणतील, व्हय व्हय, पोरीचं काय, बंद म्हंजी बंद. त्यांच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं. त्यांना दोष देता आला नसता. शेवटी शेजारी बसलेल्या आत्याने पातेलं उतरवलं.

आबा म्हणाले, "पाव्हणं, तुमचं घर चांगलं हाय. पोरगं बी चांगलं हाय."

मी डोळे मिटले.

"पन मुंबईला नाव दिल्यालं हाय तिचं. दिल्यालं नाव कसं माघारी घ्यावं?"

"आवो, शर्यतच ती. बाजारातला सौदा हाय का?"

"सौदा असता तर मोडला असता," आबा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुमची गाडी चुकंल. नदीच्या उतारापतूर येतो मी पोचवायला."

पाहुणे चहा न घेताच गेले. त्यांच्या मागून आबाही गेले, लंगडत. ते परत येईपर्यंत मी आणि आत्या तशाच बसून होतो. आत्या एकदा म्हणाली, "लोक आता काय म्हनत्याल," आणि मग स्वतःलाच म्हणाली, "म्हनू देत." गावातले दोघेतिघे दारावरून गेले, आत डोकावले आणि पुढे गेले.

आबा आले, पाय धुतले, पाटावर बसले. आत्याने तो पातेलंभर चहा पुन्हा गरम केला. पाचसहा माणसांचा चहा आम्ही तिघांनी प्यायला, बशी बशी करून. तिसऱ्या बशीनंतर आबांनी मिशा पुसल्या आणि मला विचारलं, "मुंबईला पोचायचं तर कुटली गाडी धरावी लागंल? मी बी येतो. तुमच्या बाईंना पाण्याजवळ कोन उभं करनार?"